कोॲक्सियल वायर नसलेल्या जुन्या जांभ्याच्या घरात केबल टीव्ही कसा आणावा?

जांभा_चिरा

नमस्कार मंडळी. संगमेश्वर तालुक्यातलं कौलारू घर आहे, भिंती दीड फुटी जांभ्याच्या. घरात टीव्हीची एकही कोॲक्सियल वायर (मध्ये तार आणि भोवती जाळी असलेली केबल टीव्हीची वायर) नाही, भिंतीत त्यासाठी पाइपही नाही. केबलवाल्याचा शेवटचा टॅप, म्हणजे मुख्य लाइनीतून घराला फाटा देणारी डबी, रस्त्याकडेच्या खांबावर आहे. तिथून ओटीच्या वळचणीपर्यंत टेपने मोजून ६० मीटर भरतात, मध्ये माड आणि दोन आंबे. टीव्ही दोन लावायचे आहेत. एक माजघरात, वळचणीपासून वायरच्या वाटेने १२ मीटर. दुसरा मागच्या खोलीत, २२ मीटर. इंटरनेटसाठी माजघर ते मागची खोली अशी कॅट-६ वायर आधीच आहे.

बाजारात ‘केबलची वायर’ म्हणून मिळते ती कोणती घ्यावी? ६० मीटरला सिग्नल टिकेल का, की बूस्टर लागेल? कॅट-६ वायरीवरूनच दुसऱ्या खोलीत टीव्ही नेता येईल का? आणि एवढं करण्यापेक्षा सरळ डिश लावलेली बरी का?

---

टॅप_ते_टीव्ही

वायर विकत घेण्याआधी कागदावर वजाबाकी करा. केबलच्या कामात नंतर होणारे बहुतेक मनस्ताप ही वजाबाकी न केल्यामुळे होतात.

सिग्नल डीबी-मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात (डीबी म्हणजे डेसिबल). केबलवाल्याच्या मीटरवर तोच आकडा दिसतो. सेट टॉप बॉक्सच्या तोंडाशी ६० ते ६५ मिळाले तर उत्तम, ५५ च्या खाली गेलात तर पावसाळ्यात त्रास ठरलेला, आणि ७५ च्या वर गेलात तरी बॉक्स गोंधळतो. आता खर्चाची बाजू. चांगली आरजी-६ वायर वरच्या टोकाला, म्हणजे ८६२ मेगाहर्ट्झला, १०० मीटरमागे साधारण २० डीबी खाते. खालच्या टोकाला, ५५ मेगाहर्ट्झच्या आसपास, तीच वायर ५ डीबीच्या जवळपास खाते. आरजी-११ जाड असते, ती वरच्या टोकाला १३ डीबीच्या आसपास घेते. दोन टीव्हींसाठीचा टू-वे स्प्लिटर, म्हणजे एका वायरीचे दोन फाटे करणारी डबी, प्रत्येक बाजूला ४ डीबी घेतो. फोर-वे घेतलात तर ८.

समजा टॅपवर ८० मिळतात. ६० मीटर आरजी-६ ने आणलं तर १२ गेले, स्प्लिटरचे ४, मागच्या खोलीपर्यंतच्या २२ मीटरचे ४.४. उरले ५९.६. चालेल, पण हात राखून काही उरलं नाही. तेच ६० मीटर आरजी-११ ने आणलं तर ७.८ जातात आणि मागच्या खोलीत ६३.८ उरतात. म्हणून बाहेर आरजी-११, घरात आरजी-६. आरजी-११ घरभर फिरवू नका. ती जेमतेम १० मिलीमीटर जाडीची असली तरी ताठ असते, तिला दहा सेंटीमीटरपेक्षा लहान वळण सोसत नाही आणि तिचा कनेक्टरही वेगळा, मोठा असतो. आरजी-६ चा कनेक्टर तिच्यावर दाबून बसवण्याचा प्रयत्न कोणी करत असेल तर थांबवा. वळचणीखाली आरजी-११ संपवा, तिथे एफ-८१ जोडणी (दोन वायरींचे कनेक्टर एकमेकांना जोडणारा छोटा जोड) लावा आणि पुढे आरजी-६.

वरची आणि खालची फ्रीक्वेन्सी वेगळी कापली जाते हे लक्षात ठेवलंत तर पुढे दोष शोधायला सोपं जातं. लांब वायरीमुळे सिग्नल कमी पडला तर सगळे चॅनेल एकदम जात नाहीत. वरच्या फ्रीक्वेन्सीवरचा गठ्ठा आधी फुटतो, चौकोन चौकोन दिसू लागतात, बाकीचे ठणठणीत असतात. शिवाय डिजिटलमध्ये जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या येत नाहीत. स्वच्छ दिसत असतं आणि एक-दोन डीबी घसरले की चित्र थेट तुटतं. म्हणून ‘आज छान दिसतंय’ यावर काम संपवू नका, मीटरचा आकडा बघा.

वायर घेताना रीळाचं लेबल वाचा. ‘आरजी-६, ७५ ओहम’ लिहिलेलं असूनही जाळी विरळ असलेला माल खूप विकला जातो. टोक सोलून बघा: पांढऱ्या गाभ्यावर चिकटलेली ॲल्युमिनियमची पन्नी हवी, तिच्यावर दाट जाळी हवी. जाळीतून पन्नी मोकळी मोकळी दिसत असेल तर ती ठेवून द्या. मधली तार तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी असली तरी केबल टीव्हीला बिघडत नाही. इतक्या वरच्या फ्रीक्वेन्सीला प्रवाह तारेच्या वरच्या पातळ थरातूनच जातो. त्या मुद्द्यावर दुकानदाराशी वाद घालू नका, जाळीवर घाला.

---

वळचण

वरची वजाबाकी पटली. आता ती प्रत्यक्षात उतरते की नाही ते कनेक्टर आणि पाणी यांवर अवलंबून. कोकणात काम बिघडतं ते इथे.

आधी बाहेरची ६० मीटर. दोन टोकांमध्ये एकदम ताणू नका. सोबत पोलादी मेसेंजर तार असलेली आरजी-११ मिळते, वजन त्या तारेवर पडतं आणि वायर मोकळी राहते. तशी मिळाली तर तीच घ्या. नाहीतर गॅल्व्हनाइज्ड तार आधी ताणून तिला दर ४० सेंटीमीटरवर काळ्या यूव्ही टायने वायर बांधा. मध्ये एक आधार हवाच, ३० मीटरच्या आसपास. बांबू दोन पावसाळ्यांत कुजतो, दीड इंची जीआय पाइप गाडा. झाडाला बांधायचा मोह टाळा, कारण माड वाऱ्यात डोलतो आणि ती ओढ थेट कनेक्टरवर येते. महावितरणच्या खांबाला काही बांधू नका आणि विजेच्या तारेखालून किंवा जवळून वाट असेल तर वाटच बदला.

घराशी आल्यावर वायर भोकात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे ती आधी भोकाच्या एक वीतभर खाली येऊन मग वर वळून आत जाईल. पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. झोळ नसेल तर पागोळीचं पाणी वायरीवरून सरळ भिंतीत जातं.

भोक वळचणीखाली, पाऊस थेट लागणार नाही अशा जागी घ्या. दीड फुटी भिंतीला ६०० मिलीमीटर लांबीचा ड्रिल बिट लागतो. जांभा मऊ आणि भोकाभोकाचा असल्याने जाडा बिट सुरुवातीलाच लावलात तर तो वाट सोडतो. आधी ८ मिलीमीटरने आरपार जा, मग १४ ने मोठं करा. हॅमर हळू, नाहीतर बाहेरच्या बाजूने चिऱ्याचा टवका उडतो. भोक आतून बाहेर किंचित उतरतं ठेवा, दीड फुटात दोन सेंटीमीटर उतार पुरे. आत पीव्हीसीची नळी घाला, वायर कनेक्टर न लावता ओवा, कनेक्टर नंतर लावा. बाहेरचं तोंड सिलिकॉनने बंद करा, आतलं मोकळं ठेवलं तरी चालतं.

आत तुळईवरून वायर नेणं सगळ्यात सोपं आणि दिसतही नाही. पण यू-आकाराची लोखंडी पिन ठोकू नका. ती वायर चिमटते, गाभा दबतो, तिथून सिग्नल उलटा फिरतो आणि नेमके दोन-चार चॅनेल बिघडतात. ७ मिलीमीटरच्या प्लॅस्टिक खिळा-क्लिपा ४० सेंटीमीटरवर लावा. माळ्यावर उंदीर असतील तेवढ्या भागात वायर पाइपात घाला. विजेच्या वायरीच्या पाइपात तर कधीच नको. समांतर जायचंच असेल तर वीतभर अंतर ठेवा, ओलांडायचं असेल तर काटकोनात ओलांडा.

आता कनेक्टर. फिरवून बसवायचे स्वस्त कनेक्टर घेऊ नका, कॉम्प्रेशनचे, म्हणजे टूलने दाबून बसवायचे, घ्या आणि ते बसवणारं टूल केबलवाल्याकडे असतं, नाहीतर विकत घ्या. बाहेरचं काळं आवरण साधारण १२ मिलीमीटर सोला. जाळी मागे दुमडा, पन्नी पांढऱ्या गाभ्यावर तशीच राहू द्या. पुढच्या ६-७ मिलीमीटरवरचा पांढरा गाभा आणि पन्नी काढा, तार खरवडू नका. कनेक्टर आत ढकला, पांढरा गाभा आतल्या तळाशी अगदी समपातळीत आला पाहिजे. मधली तार कनेक्टरच्या कडेपुढे २ ते ३ मिलीमीटर दिसावी. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी सगळा सिग्नल शॉर्ट होतो आणि वायर नवी असूनही बॉक्स ‘नो सिग्नल’ म्हणतो. हे भिंगातून बघून घ्यायला लाजू नका.

बाहेरच्या प्रत्येक जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग रबर टेप ताणून गुंडाळा, खालून वर, अर्धा अर्धा पदर एकमेकांवर. वर साधी काळी टेप. नुसती काळी टेप उन्हाने एका उन्हाळ्यात सुटते. पाणी एकदा जाळीत शिरलं की ते केशाकर्षणाने वायरभर मीटर-मीटर आत चढत जातं आणि ती वायर मग बदलावीच लागते, टोक कापून भागत नाही.

आणखी एक: रिकामं राहिलेलं स्प्लिटरचं तोंड उघडं ठेवू नका. ७५ ओहमचा टर्मिनेटर पाच-दहा रुपयांच्या वस्तूसारखा वाटतो, पण उघड्या तोंडातून परतलेला सिग्नल दुसऱ्या टीव्हीला त्रास देतो.

---

कॅटसिक्स

कॅट-६ वर कोॲक्सियलचा सिग्नल सरळ नेता येत नाही. कॅट-६ १०० ओहमची, जोड्यांची वायर आहे आणि तिची मर्यादा २५० मेगाहर्ट्झ. केबलचे चॅनेल ८६२ पर्यंत जातात. बालन (कोॲक्सियल आणि जोड्यांची वायर जोडणारा छोटा अडॅप्टर) लावून काही मीटरवर खालचे चॅनेल दिसतील, बाकीचे नाहीत. त्यात पैसे घालू नका.

पण वायर फुकट जाणार नाही. माजघरातल्या बॉक्सचं चित्र मागच्या खोलीत न्यायचं असेल तर कॅट-६ वरचा एचडीएमआय एक्स्टेंडर घ्या. एक पेटी बॉक्सजवळ, एक टीव्हीजवळ, मध्ये ही वायर. एका कॅट-६ वर १०८० चित्र नेणारे साधे एक्स्टेंडर तुमच्या अंतराला पुरतात. रिमोटची परतीची आयआर वाट असलेलाच घ्या, नाहीतर चॅनेल बदलायला दर वेळी माजघरात जावं लागेल. वायर शुद्ध तांब्याची हवी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असलेली असेल तर चित्र लुकलुकतं. बहुतेक स्वस्त जोड्या दोन टोकांमध्ये थेट वायर मागतात, राउटर किंवा स्विचमधून जाऊ देत नाहीत, म्हणजे त्या वायरीवरचं इंटरनेट तेवढं जाईल.

एक तोटा आधीच सांगतो: बॉक्स एकच असल्याने दोन्ही टीव्हींवर तेच चॅनेल दिसतं. घरात एकाच वेळी दोन वेगळे कार्यक्रम बघायचे असतील तर दोन बॉक्स आणि दोन कोॲक्सियल वायरी, त्याला पर्याय नाही.

---

माडाखाली

डिशबद्दल थोडक्यात. डिशलाही कोॲक्सियल वायर लागतेच, भिंतीला भोक पडतंच. वाचतात ती फक्त रस्त्यापासूनची ६० मीटर. डीडी फ्री डिशला मासिक शुल्क नाही. तिचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे. संगमेश्वर परिसरातून तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने साधारण १२९ अंशांवर आणि क्षितिजापासून ६० अंश उंच येतो. त्या दिशेला माडाची झावळी येत असेल तर जागा बदला. आज झावळी नसली तरी वाऱ्यात येते का ते बघा.

जुलैतल्या मुसळधार सरीत डिशचा सिग्नल काही मिनिटं जातो, कारण कू-बँडच्या लहरी पावसात शोषल्या जातात. नीट बांधलेल्या केबलवर पावसाने असा परिणाम होत नाही. तुमच्या भागात हा मुद्दा क्षुल्लक नाही.

---

हिरवा_कनेक्टर

तुमचा केबलवाला फायबर देतो का ते आधी विचारा. देत असेल तर ६० मीटरचा प्रश्नच मिटतो. एवढ्या अंतरात फायबरमध्ये होणारी घट नगण्य असते, आणि काचेतून वीज वाहत नाही म्हणून मेच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या गडगडाटात खांबावरून येणारा झटका घरात शिरायची एक वाट बंद होते.

घरात माळ्याजवळ एक छोटी पेटी लागते, तिला मिनी नोड म्हणतात. प्रकाश आत, कोॲक्सियल बाहेर. तिथून स्प्लिटर आणि आरजी-६, वरच्यासारखंच. नोडला १२ व्होल्टचा ॲडॉप्टर लागतो, तो इन्व्हर्टरवर ठेवा. नाहीतर टीव्ही इन्व्हर्टरवर चालू आणि सिग्नल बंद, असं होतं. टीव्हीचा प्रकाश १५५० नॅनोमीटरवर येतो आणि त्याला हिरवा, तिरकस घासलेला कनेक्टर लागतो. इंटरनेटच्या निळ्या कनेक्टरला तो जोडला तर दोन्ही काचा नीट टेकत नाहीत, प्रकाश परततो आणि चित्रात चौकोन येतात. वायर टाकताना तिला तीव्र वळण देऊ नका.

---

जांभा_चिरा

फायबर अजून इकडे आलेलं नाही, त्यामुळे आरजी-११. केबलवाल्याने खांबावर मीटर लावला: टॅपवर ७६. तो म्हणतो घरात टीव्हीमागे बूस्टर लावू. लावावा का? शिवाय खांबावरच्या वायरीच्या जाळीला टेस्टर लावल्यावर बारीक दिवा लागतो, त्याचं काय करावं?

---

टॅप_ते_टीव्ही

७६ मधून आरजी-११ चे ७.८, जोडांचा अर्धा, स्प्लिटरचे ४ आणि मागच्या खोलीचे ४.४ गेले की ५९.३ उरतात. माजघरात ६१.३. बूस्टर लागत नाही. आरजी-६ ने ओढली असती तर मागे ५५.१ आले असते आणि मग हा प्रश्न खरोखर उभा राहिला असता.

कधी लागलाच तर टीव्हीमागे कधीही लावू नका. बूस्टर आलेला सिग्नल आणि आलेली घाण दोन्ही सारखंच वाढवतो, वर स्वतःची थोडी घाण घालतो. लांब वायरीत सिग्नल मरण्याआधी, म्हणजे वायरीच्या सुरुवातीला तो लागला पाहिजे. त्याआधी केबलवाल्याला खांबावरचा टॅप बदलून द्यायला सांगा. टॅपवर ११, १४, १७, २०, २३ असे आकडे असतात, म्हणजे तेवढे डीबी कमी करून तो तुम्हाला देतो. २० चा टॅप असेल आणि तो लाइनीच्या शेवटी असेल तर १७ चा लावून ३ डीबी जास्त मिळतात, आणि तेही स्वच्छ. मीटरवर एमईआर, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ आहे तो आकडा, पण बघायला सांगा. टॅपवर ३४ च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. तिथेच २८ असेल तर दोष त्यांच्या लाइनीत आहे, तुमच्या घरात कितीही चांगलं काम केलंत तरी सुधारणार नाही.

---

वळचण

टेस्टरचा दिवा लागतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. त्या वेगळ्या केल्याशिवाय वायर हातात घेऊ नका.

एक: शेजाऱ्यांच्या बॉक्स-टीव्हीतून जाळीवर येणारी बारीक गळती. त्यांच्या पॉवर सप्लायमध्ये धातूच्या अंगाला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात आणि घरात अर्थिंग नसेल तर मल्टिमीटर ५० ते ११० व्होल्ट दाखवतो. प्रवाह अगदी थोडा असतो, झिणझिण्या येतात. दोन: खरा दोष, कुठेतरी फेज टेकलेला किंवा न्यूट्रल तुटलेला. तपासायला वायरमनला बोलवा, तो जाळी आणि चांगली अर्थिंग यांच्यामध्ये १५ वॉटचा दिवा लावून बघेल. दिवा नुसता मिणमिणला जरी तरी ती वायर घरात घेऊ नका, केबलवाल्याकडून दोष काढून घ्या. दिवा अजिबात लागला नाही तर ती पहिल्या प्रकारची गळती.

तरीही बॉक्स आणि टीव्हीचा प्लग काढूनच कनेक्टर जोडा, आधी केबल मग वीज. वळचणीखाली एफ-८१ जोडणीऐवजी ७५ ओहमचा ग्राउंड ब्लॉक लावा. जोड तोच, फक्त त्याला अर्थिंगच्या तारेचा स्क्रू असतो. ४ चौरस मिलीमीटरची हिरवी तांब्याची तार शक्य तेवढी सरळ आणि आखूड घराच्या अर्थिंगपर्यंत न्या. केबलसाठी वेगळा रॉड गाडून तो घराच्या अर्थिंगला न जोडता सोडणं वाईट: वीज पडली की दोन रॉडांमधला दाब बॉक्समधून वाट काढतो. ग्राउंड ब्लॉक थेट पडलेल्या विजेला थोपवत नाही, त्यामुळे गडगडाट सुरू झाला की दोन्ही बॉक्सचे प्लग आणि केबल काढून ठेवा.

पहिला मोठा पाऊस होऊन गेला की दोन्ही बॉक्सच्या मेनूतल्या सिग्नल पानावरची ताकद आणि गुणवत्ता टिपून ठेवलेल्या कोरड्या दिवसाच्या आकड्यांशी ताडून बघा. दोन्ही टीव्हींवर सारखेच घसरले असतील तर पाणी ग्राउंड ब्लॉकच्या अलीकडे, बाहेरच्या वायरीत शिरलंय. एकाच टीव्हीवर घसरले असतील तर स्प्लिटरच्या पुढचा तो एक फाटा तपासा, आधी भिंतीतल्या भोकाशी, मग कनेक्टरशी.

---

जांभा_चिरा

ग्राउंड ब्लॉक, टू-वे स्प्लिटर, आरजी-११ मेसेंजरवाली ७० मीटर, आरजी-६ ४० मीटर असं घेतो. आरजी-११ दहा मीटर जास्त पुरेल ना?

---

टॅप_ते_टीव्ही

पुरेल. खांबाशी झोळ, मधल्या आधाराशी सैल, घराशी झोळ आणि एखादा कनेक्टर चुकला तर कापून परत बसवायला दोन्ही टोकांना अर्धा अर्धा मीटर. उरलेली वायर कापून टाका, वेटोळं करून वळचणीत टांगू नका. प्रत्येक जास्तीचा मीटर वजाबाकीत धरावा लागतो. कनेक्टर आरजी-११ चे दोन लागतील, चार घ्या. आरजी-६ चे स्प्लिटरपर्यंतचा तुकडा धरून सहा, दहा घ्या.